आठ-बिट संगणकासाठी डेमो करायचाय? आधी एक फ्रेम मोजा

कमोडोर ६४ हा घरगुती संगणक १९८२ साली बाजारात आला आणि १९९४ मध्ये कंपनीच बुडाली तेव्हा त्याचं उत्पादन थांबलं. ६४ किलोबाइट मेमरी, सेकंदाला जेमतेम दहा लाख ठोक्यांवर चालणारा ६५१० प्रोसेसर, सोळा ठरलेले रंग आणि आवाजाचे तीन पदर, एवढाच त्याचा पसारा. तरीही याच यंत्रावर २००८ साली स्वीडनच्या बूझ डिझाइन या गटाने ‘एज ऑफ डिसग्रेस’ आणि २०१४ साली सेन्सर डिझाइन व ऑक्सिरॉन या दोन गटांनी मिळून ‘कोमालँड’ हे डेमो सादर केले. १९८० च्या दशकातल्या सुरुवातीच्या डेमोत साधारणपणे गटाच्या नावाची पाटी, तिच्याखाली सरकणारा मजकूर आणि एखादी धून असे. या नव्या डेमोत एकामागून एक दृश्यं न थांबता येत राहतात, पुढचा भाग डिस्कवरून मागच्या मागे वाचला जात असतो आणि संगीत कुठेही अडखळत नाही. यंत्र मात्र तेच. डेमो म्हणजे चित्र, हालचाल आणि संगीत यांचा असा प्रयोग, जो यंत्र त्या क्षणी स्वतः घडवत असतं. बघणाऱ्याने त्यात काही खेळायचं नसतं, फक्त पाहायचं आणि ऐकायचं. असा एखादा डेमो आपणही करून पाहावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

या छंदाबद्दल बोलताना सहसा मर्यादांचं कौतुक होतं: मेमरी कमी, वेग कमी, म्हणून कल्पकता जास्त. मला हे कारण अपुरं वाटतं. कमी मेमरीची आणि मंद प्रोसेसरची उपकरणं आपल्या घरात डझनाने आहेत, धुलाई यंत्राच्या आतही एक असतं. त्यांच्यासाठी कोणी चाळीस वर्षं कला घडवत बसलेलं नाही. कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी किंवा आठ-बिट अटारी यांचं खरं बळ त्यांच्या स्थिरपणात आहे. त्यांना अपडेट येत नाही, नवी आवृत्ती जुनीला मोडीत काढत नाही. कमोडोरच्या चिपांच्या सुधारित आवृत्त्या मधल्या काळात आल्या हे खरं, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने चित्राची चिप किती ठोक्यांनी काय करते, हे सुरुवातीच्या युरोपीय यंत्रात जसं होतं तसंच शेवटपर्यंत राहिलं. तीनतालाच्या सोळा मात्रा बदलत नाहीत, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या तबलजी त्याच सोळा मात्रांत नवे पलटे शोधू शकतात. इथे तसंच आहे. एकाने १९८८ मध्ये शोधलेली युक्ती दुसऱ्याने २००० मध्ये पुढे नेली, तिसऱ्याने आज त्यावर मजला चढवला, आणि कोणाचंच काम वाया गेलं नाही. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. जे यंत्र बदलत नाही त्याचा हिशेब पूर्ण मांडता येतो, अगदी शेवटच्या ठोक्यापर्यंत. म्हणून नवशिक्याने भारी चित्रं, मोठी कल्पना किंवा जबरदस्त संगीत यांच्या मागे लागण्याआधी पडद्यावर एक चित्र उमटायला लागतो तेवढा वेळ, म्हणजे एक फ्रेम, मोजायला शिकावं. या लेखातला बाकीचा सगळा सल्ला त्या एका मुद्द्याला धरून आहे.

आधी यंत्र निवडा, आणि एकच निवडा. दोन यंत्रांवर एकदम हात टाकणाऱ्याला दोन्हींचे हिशेब अर्धवट येतात. कमोडोर ६४ ची बाजू अशी की त्याच्यावर सर्वांत जास्त लिहिलं गेलंय, आठ हार्डवेअर स्प्राइट, म्हणजे पडद्यावर स्वतंत्रपणे हलवता येणारी छोटी चित्रं, आणि सिड नावाची स्वतंत्र आवाजाची चिप हाताशी असते. स्पेक्ट्रमची बाजू अशी की त्याच्यात जवळजवळ काहीच मदतीला नाही. जे करायचं ते ३.५ मेगाहर्ट्‌झच्या झेड-८० प्रोसेसरने, त्यामुळे आतला व्यवहार लवकर समजतो. मराठी वाचकाला स्पेक्ट्रमचं आणखी एक आकर्षण वाटू शकतं. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस भारतात विकला, आणि त्यातले काही संच अजूनही कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर असतील. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी क्लास हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला त्यात बीबीसी मायक्रो आले होते, तेही आठ-बिटच. पण घरात जुना संच सापडला म्हणून तेच यंत्र घ्यावं असं नाही. ज्या यंत्रावरचे डेमो पाहून तुम्हाला ‘हे कसं केलं असेल?’ असा प्रश्न पडून चैन पडत नाही, ते यंत्र तुमचं.

इथे पहिली शंका येते: यंत्रच नसेल तर? सुरुवातीला खरं यंत्र लागत नाही, हे मी निःशंकपणे सांगतो. कमोडोरसाठी व्हाइस आणि स्पेक्ट्रमसाठी फ्यूज हे एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम, फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. व्हाइसची अचूक आवृत्ती चित्राच्या चिपचं वागणं ठोक्याठोक्याला पाळते, आणि तिच्यात मॉनिटर नावाची सोय आहे. तिने प्रोग्राम मध्येच थांबवून एकेक आज्ञा पुढे सरकवता येते, कोणत्या क्षणी पडद्यावरची कोणती ओळ चालू आहे तेही दिसतं. ही सोय १९८५ च्या मुलांना नव्हती. किक असेंबलर किंवा अ‍ॅक्मे यांनी कमोडोरचा प्रोग्राम आजच्या संगणकावर लिहून क्षणात एम्युलेटरमध्ये चालवता येतो. स्पेक्ट्रमसाठी पास्मोसारखा साधा असेंबलर पुरतो. काही जुने जाणते याला फसवणूक म्हणतात: आठ-बिट डेमो आठ-बिट यंत्रावरच लिहिला पाहिजे. मला हा आग्रह पटत नाही. १९८० च्या दशकात खेळ बनवणाऱ्या कंपन्याही मोठ्या संगणकावर प्रोग्राम लिहून लहान यंत्रात उतरवत असत. डेमोची कसोटी तो कुठे लिहिला ही नाही, तो कुठे चालतो ही आहे. मात्र बेसिक भाषेत डेमो होणार नाही, असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आज्ञांची भाषा, शिकावीच लागेल. तिची भीती नको. ६५१० ला अधिकृत आज्ञा छप्पन्न आहेत आणि पहिल्या डेमोला त्यातल्या पंधरा-वीस पुरतात.

आता हिशेबाकडे. युरोपातला, म्हणजे पॅल पद्धतीचा कमोडोर ६४ सेकंदाला सुमारे ९,८५,००० ठोके मोजतो. पडद्यावर ३१२ ओळी आखल्या जातात आणि प्रत्येक ओळीला ६३ ठोके लागतात, म्हणजे एका फ्रेमला १९,६५६ ठोके. अशा फ्रेम सेकंदाला साधारण पन्नास. हे सगळे ठोके तुमचे नाहीत. अक्षरांच्या दर ओळीच्या सुरुवातीला चित्राची चिप त्या ओळीचा मजकूर वाचण्यासाठी प्रोसेसरला थांबवते आणि ६३ पैकी चाळीस ते त्रेचाळीस ठोके स्वतःकडे घेते. अशा ओळी पंचवीस, तेव्हा हजारभर ठोके तिथेच गेले. उरले साडेअठरा हजार. स्प्राइट दाखवले तर त्या ओळींवर आणखी थोडे जातात. आता प्रश्न सोपा आहे: एवढ्यात काय बसतं? ३२० बाय २०० ठिपक्यांचं पूर्ण चित्र ८,००० बाइटांचं असतं. एक बाइट मेमरीत ठेवायच्या साध्या आज्ञेला चार ठोके लागतात. म्हणजे चित्र नुसतं पुसायलाच ३२,००० ठोके हवेत, आणि आपल्याकडे एका फ्रेममध्ये त्याच्या दोन-तृतीयांशही नाहीत. त्यातही एकेक आज्ञा सुटी लिहिली तर ८,००० आज्ञांना २४,००० बाइट मेमरी जाते. ही आकडेमोड कागदावर पाच मिनिटांत होते, पण ती केली नाही तर माणूस महिनाभर एक फिरता घन पडद्यावर हलवायला झगडतो आणि शेवटी यंत्राला दोष देतो. ती केली की पुढचा रस्ता आपोआप दिसतो. पूर्ण चित्राला हात न लावता अक्षरांच्या १,००० चौकटी बदला. तक्त्यातून एक बाइट उचलून चौकटीत ठेवायला नऊएक ठोके धरले तरी ९,००० मध्ये सगळा पडदा नवा होतो आणि निम्मी फ्रेम हातात उरते. कमोडोरवरचे कितीतरी वळणारे, वितळणारे, ज्वाळांसारखे दिसणारे देखावे या एका उत्तरातून जन्मले आहेत.

स्पेक्ट्रमवर तोच प्रश्न विचारला की उत्तर वेगळं येतं. ४८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रमची फ्रेम ६९,८८८ ठोक्यांची आणि पडदा ६,९१२ बाइटांचा: ६,१४४ बाइट ठिपक्यांचे, ७६८ रंगांचे. झेड-८० ची मजकूर हलवायची तयार आज्ञा बाइटमागे २१ ठोके घेते, म्हणजे पूर्ण पडदा हलवायला १,४५,१५२; दोन फ्रेमपेक्षा जास्त. पण याच प्रोसेसरची स्टॅकवर, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या नोंदी ठेवायच्या मेमरीत, ढकलायची पुश ही आज्ञा ११ ठोक्यांत दोन बाइट लिहून मोकळी होते. मग स्टॅकचा दर्शक पडद्याच्या मेमरीच्या शेवटावर नेऊन ठेवायचा आणि एकामागून एक पुश करत वर यायचं. ठिपक्यांची सगळी मेमरी ३३,७९२ ठोक्यांत भरते. पडद्याची मेमरी चित्राच्या चिपशी वाटून घ्यावी लागते, म्हणून प्रत्यक्षात काही जास्त लागतात, तरी एका फ्रेममध्ये काम होतं. अट एकच: तेवढा वेळ इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरला दुसरीकडे नेणाऱ्या हाका, बंद ठेवायचे, नाहीतर परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे थेट चित्रावर लिहिला जातो आणि पडद्यावर कचरा उमटतो. स्टॅक ही गोष्ट चित्र काढण्यासाठी कोणी बनवली नव्हती. ठोके मोजणाऱ्याला मात्र ती आज्ञांच्या तक्त्यात उभी दिसली. डेमोच्या जगात ज्याला युक्ती म्हणतात ती बहुतेक वेळा अशी सापडते, तक्त्याशेजारी बसून बेरीज करताना.

कमोडोरवर पहिला सराव म्हणून मी खालची किनार उघडायला सांगेन. पडद्याभोवतीच्या एकरंगी किनारीत नेहमी काहीच दाखवता येत नाही. चिप हे कसं ठरवते ते पाहा. अक्षरांच्या पंचवीस ओळी दाखवायच्या असतील तर ती पडद्याच्या २५१ व्या ओळीवर किनार सुरू करते. चोवीस दाखवायच्या असतील तर २४७ व्या ओळीवर. कुठल्या आकड्याशी ताडून पाहायचं हे मेमरीतल्या ५३२६५ या स्थानावरचा एक बिट सांगतो. तिथे नेहमी २७ असतं, चोवीस ओळींसाठी १९ ठेवतात. तेव्हा पंचवीस ओळींनी सुरुवात करा, २४७ वी ओळ जाऊ द्या, आणि २५१ येण्याच्या आत तिथे १९ लिहा. चिप आता २४७ ची वाट पाहते, आणि ती तर होऊन गेली. किनार सुरूच होत नाही. मग खाली जाऊन, पुढच्या फ्रेमआधी, पुन्हा २७ लिहून ठेवा. हे फ्रेमगणिक करत राहिलं की वरची आणि खालची किनार उघडी राहते आणि तिच्यात स्प्राइट नाचवता येतात. त्यासाठी रास्टर इंटरप्ट, म्हणजे ठरावीक ओळीवर प्रोसेसरला हाक मारायची सोय शिकावी लागते: ५३२६६ वर ओळीचा आकडा, ७८८ आणि ७८९ वर आपल्या कामाचा पत्ता, आणि ५६३३३ वर १२७ लिहून घड्याळाचे नेहमीचे इंटरप्ट बंद. २४८ ते २५० अशी तीन ओळींची सवड मिळत असल्याने नवशिक्याचा हात थोडा हलला तरी चालतं. पहिल्यांदा किनार उघडली की तिथे काळ्या उभ्या रेघा दिसण्याची शक्यता आहे, घाबरू नका. नेहमीच्या मांडणीत चिप त्या जागी १६३८३ या स्थानावरचा बाइट पुन्हा पुन्हा दाखवत असते, तिथे शून्य लिहा, रेघा जातील. बाजूच्या किनारीही याच तत्त्वाने उघडतात, पण तिथे प्रत्येक ओळीवर नेमक्या ठोक्याला लिहावं लागतं. ते दुसऱ्या डेमोसाठी राखून ठेवा.

मोजायची पट्टी यंत्रातच आहे. ५३२८० या स्थानावर किनारीचा रंग ठेवलेला असतो. एखादं काम सुरू होताना तिथे लाल लिहा, संपताना काळा. कडेला जेवढ्या ओळींचा लाल पट्टा दिसेल तेवढ्या ओळी गुणिले ६३, एवढे ठोके त्या कामाने खाल्ले. संगीताला निळा, हालचालीला हिरवा असे वेगळे रंग दिले की अख्खी फ्रेम कुठे खर्च होते ते डोळ्यांसमोर येतं, आणि पट्टा खाली घसरून पडद्याबाहेर गेला की समजावं, काम एका फ्रेममध्ये बसत नाहीये. नव्या लोकांनी ही पट्टी पहिल्या दिवसापासून वापरावी. प्रोग्राम पूर्ण लिहून मग वेग वाढवू, ही आजच्या संगणकावर चालणारी सवय इथे घात करते, कारण निम्म्या वेळा वेग वाढवायचा म्हणजे कल्पनाच बदलावी लागते.

दुसरा आक्षेप आधी काढून ठेवलेल्या आकडेमोडीवर असतो. साइनचे तक्ते, घनाच्या कोपऱ्यांच्या जागा, बोगद्याच्या प्रत्येक ठिपक्याचं अंतर, हे सगळं आजच्या संगणकावर काढून तयार तक्ता यंत्रात भरला, तर यंत्राने केलं काय? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचं उत्तरही हिशेबातच आहे. तक्ता म्हणजे वाचवलेला वेळ मेमरीच्या दराने विकत घेणं, आणि मेमरीही मोजकीच आहे. कोणी म्हणेल, मग सगळी चित्रफीतच का भरू नये? करून पाहा हिशेब: ८,००० बाइट गुणिले पन्नास फ्रेम, एका सेकंदाला ४,००,००० बाइट. कमोडोरच्या डिस्कच्या एका बाजूला सुमारे १७० किलोबाइट मावतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एका सेकंदाचीही कच्ची फीत बसत नाही. यंत्र स्वतःच लबाडीला फार वाव देत नाही. माझं मत असं की तक्ते बिनधास्त वापरा, पण प्रेक्षकाला जे घडतंय असं वाटतं त्यातला काही गाभ्याचा भाग यंत्र त्या क्षणी करत असू द्या. ज्याला हे काम कळतं त्याला फरक लगेच दिसतो, आणि डेमो पाहणाऱ्यांत अशीच माणसं जास्त असतात.

संगीतही फ्रेमवरच चालतं. बॉब यानेस यांनी घडवलेल्या सिड चिपला तीन आवाज आहेत, आणि संगीताचा प्रोग्राम सेकंदाला पन्नासदा, दर फ्रेमला एकदा, तिला पुढचे स्वर सांगतो. कमोडोरच्या धुनांत ऐकू येणारी ती थरथरणारी सुरावट याच व्यवस्थेतून आली: एका आवाजावर तीन स्वरांचा मेळ वाजत नाही, म्हणून पहिल्या फ्रेमला एक, दुसरीला दुसरा, तिसरीला तिसरा, असं गरागरा फिरवलं की कानाला मेळ भासतो. गोटट्रॅकर किंवा सिड-विझर्ड घेऊन स्वतः धून करता येते. न जमल्यास संगीतकार गाठा, या क्षेत्रात गट असतात ते याचसाठी. सिडच्या दोन जाती आहेत, ६५८१ आणि ८५८०. पहिलीचा फिल्टर चिपगणिक वेगळा वाजतो, त्यामुळे कोणत्या जातीसाठी धून केली ते डेमोसोबत लिहून द्यायची पद्धत आहे. दुसऱ्याची धून विचारल्याशिवाय घेऊ नका, मग ती कितीही जुनी असो.

‘पण सगळं करून झालंय, आता नवं काय उरलं?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी तपासला जातो. २०१७ साली जर्मनीतल्या सारब्रुकेनच्या रिव्हिजन मेळाव्यात स्वीडनच्या लिनुस ओकेसन यांनी ‘अ माइंड इज बॉर्न’ हा कमोडोर ६४ चा डेमो दाखवला. तो संपूर्ण प्रोग्राम २५६ बाइटांचा आहे. या परिच्छेदाचा मजकूर साठवायलाही त्याहून जास्त जागा लागते. तेवढ्यात दोन मिनिटांहून अधिक चालणारं संगीत आणि त्याला जोडलेली चित्रं, आणि त्याने आपल्या विभागात पहिला क्रमांक घेतला. यंत्र बाजारात येऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. शिवाय नवं म्हणजे केवळ तांत्रिक विक्रम नव्हे. आपल्या वाचकांसाठी एक मोकळं रान दाखवतो: देवनागरी. कमोडोरचं अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसतं. तिथे रोमन लिपी सुखाने राहते, पण देवनागरीला शिरोरेघेला एक ठिपका, वरच्या मात्रांना दोन, खालच्या उकारांना दोन दिले की अक्षराच्या अंगाला तीनच ठिपके उरतात आणि ‘भ’ आणि ‘म’ ओळखू येत नाहीत. तेव्हा चार चौकटींचं, सोळा बाय सोळाचं अक्षर घ्या आणि त्याच्यावर मात्रांसाठी चौकटींची वेगळी ओळ ठेवा. मग प्रत्येक अक्षराचं प्रत्येक मात्रेसह वेगळं चित्र काढावं लागत नाही. एका संचात २५६ चौकटी, म्हणजे पूर्ण अक्षरं चौसष्टहून कमीच. जोडाक्षरं धरली तर मराठीला एवढी पुरत नाहीत, पण तुमच्या सरकत्या मजकुरात जी येतात तेवढीच काढायची आहेत. गरज पडल्यास मजकूर थोडा बदला. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराआधी येते, तो क्रम यंत्रात न लावता मजकूर तयार करतानाच लावून टाका, ठोके वाचतील. आणि शिरोरेघ इथे आपल्या फायद्याची आहे: चौकटीच्या कडेपर्यंत ओढली की शब्द अखंड सरकतो आणि जोड दिसत नाहीत.

एम्युलेटरवर नीट चाललं म्हणून काम संपलं असं समजू नका. स्थिर यंत्र हीच आपली कसोटी असेल तर प्रसिद्ध करण्याआधी डेमो एकदा तरी खऱ्या यंत्रावर चालला पाहिजे. स्वतःकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला पाठवा, हौशी लोक आनंदाने चालवून देतात. स्वतः यंत्र घ्यायचं ठरवलंत तर दोन गोष्टी सांभाळा. कमोडोर ६४ सोबत येणारा मूळ वीजपुरवठा वापरू नका. जुना झाल्यावर त्यातला पाच व्होल्टचा भाग बिघडतो, जास्त दाब सोडतो आणि मेमरीच्या चिपा जाळतो. नवा सुरक्षित पुरवठा आधी घ्या, मग यंत्राला हात लावा. दुसरी गोष्ट डिस्कची. कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हमध्ये स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि दोन किलोबाइट मेमरी असते, आणि मागच्या मागे वाचणारे डेमो त्या प्रोसेसरवर आपला स्वतःचा प्रोग्राम चालवतात. मेमरी कार्डवर फायली देणारी एसडी-टू-आयईसीसारखी स्वस्त उपकरणं हा प्रोसेसर साकारत नाहीत, म्हणून खेळ चालतात आणि मोठे डेमो अडकतात. पाय-१५४१ किंवा अल्टिमेटसारखं उपकरण ते साकारतं. पडद्याचा प्रश्न आपल्याकडे सोपा आहे: भारतातलं टीव्ही प्रसारण पॅल पद्धतीचंच होतं, त्यामुळे जुना डबा-टीव्ही असेल तर युरोपीय यंत्राचं चित्र व्हिडिओ जोडणीने त्यावर येतं. साठ हर्ट्‌झच्या सपाट पडद्यावर पन्नास फ्रेमची हालचाल हिसके देते, तो दोष तुमच्या प्रोग्रामचा नव्हे.

या सगळ्याचा उपयोग काय, हेही कोणी विचारेल. नोकरीसाठी म्हणून हा छंद धरू नये. त्यासाठी याहून सरळ रस्ते आहेत. पण ज्याला निरुपयोगी म्हणतात त्याकडे जगाने गांभीर्याने पाहिलंय. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनी व पोलंड यांनी २०२१ मध्ये डेमोसीनला, म्हणजे डेमो करणाऱ्यांच्या या परंपरेला, आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिलं. त्याच वेळी या परंपरेचं मूळ लपवायचं कारण नाही: पहिले डेमो खेळांचं संरक्षण तोडून वाटणाऱ्या मुलांच्या सुरुवातीच्या पाट्यांतून आले, आणि ती चोरी होती. त्या मुळातूनच पुढे एक कडक शिस्त उभी राहिली. इथे युक्ती सर्वांची असते, पण दुसऱ्याचा प्रोग्राम, चित्र किंवा धून आपली म्हणून दाखवली की नाव कायमचं जातं. म्हणून दुसऱ्यांचे डेमो मॉनिटरमध्ये उघडून जरूर वाचा, समजून घ्या, आणि मग बंद करून स्वतः लिहा. चित्राच्या स्पर्धांत अनेक ठिकाणी कामाचे मधले टप्पे मागतात, ते पहिल्यापासून जपून ठेवा. यंत्राकडून तयार करवून घेतलेलं चित्र स्वतःच्या हाताचं म्हणून देऊ नका. टप्प्यांशिवाय ते तिथे टिकत नाही आणि टिकू नये.

पहिला डेमो एकाच दृश्याचा करा: उघडी किनार, एक धून, मराठीत सरकणारा मजकूर, तीस-चाळीस सेकंद. तो एका फ्रेममध्ये बसला की डिस्कच्या प्रतिमेची फाइल बनवा, सोबत लिहा की यंत्र पॅल आहे, सिड कोणत्या जातीची आहे, प्रोग्राम, चित्र आणि संगीत कोणाचं आहे. मग सीएसडीबीसारख्या कमोडोर डेमोंच्या संग्रहात टाका किंवा मेळाव्याचे नियम पाहून स्पर्धेला पाठवा. लोक चुका दाखवतील, काही फार सडेतोड शब्दांत. त्यांतली ठोक्यांबद्दलची प्रत्येक सूचना नीट तपासा. आणि एक विनंती: तुमच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर, नेमक्या आकड्यांसह, मराठीत टिपणं जोडून खुला ठेवा, कारण या विषयावर आपल्या भाषेत आज वाचण्यासारखं फार थोडं आहे आणि तुमच्यानंतर सुरुवात करणाऱ्याला त्याची गरज पडेल.